पानांच्या जीवाश्मांतून तेलविहिरीपर्यंत वाट जाते का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रबंधाला वर्धा खोऱ्यातल्या गोंडवनी खडकांमधले, म्हणजे आपल्या दगडी कोळशाच्या प्राचीन थरांमधले, वनस्पती-जीवाश्म, आणि मनात पेट्रोलियम. पुढे शिकवायचीही इच्छा आहे. वर्गातली मुलं म्हणतात की पानांचे ठसे गोळा करणाऱ्याला तेल कंपनीत कोण विचारणार. घरचे म्हणतात की प्राध्यापकी की तेल, एक काय ते ठरव. तू विचारतेस, विषय बदलू का?

तुला 'तू' म्हणतोय, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस. एकतीस वर्षं तेलविहिरींवर भूवैज्ञानिक म्हणून काम केलं, निवृत्तीनंतर सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. माझं उत्तर आहे, बदलू नकोस. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, म्हणून एका माणसाची हकिकत सविस्तर सांगतो. तेलाच्या भूविज्ञानात प्राध्यापक म्हणून ज्यांचं नाव मी सगळ्यात वर ठेवतो, ते इझरायल चार्ल्स व्हाइट.

जन्म १८४८, अमेरिकेतल्या मॉर्गनटाउनजवळचा. पुढे ज्याला वेस्ट व्हर्जिनिया म्हणू लागले तो हा डोंगराळ भाग, जमिनीखाली थरावर थर दगडी कोळसा. तिथल्याच विद्यापीठातून १८७२ मध्ये पदवी. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते मदतनीस म्हणून लागले आणि १८७७ मध्ये आपल्याच विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सर्वेक्षणाचं काम त्यांनी सोडलं नाही, शिकवणं आणि डोंगर पालथे घालणं शेजारी शेजारी चालू राहिलं. कोणता कोळशाचा थर कोणत्या टेकडीत कुठे उघडा पडलाय, दोन थरांमध्ये किती फूट वालुकाश्म आणि शेल (चिखलाचा झालेला खडक) आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं आणि नोंदवलं. आणि आता नीट वाच: १८८० मध्ये विल्यम फाँटेन यांच्याबरोबर त्यांनी जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच भागातल्या कोळशाच्या थरांजवळच्या वनस्पती-जीवाश्मांवर होता. पानांच्या ठशांवर. तुझाच विषय.

त्या काळी तेल कसं शोधत, तेही माहीत हवं. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं १८५९ मध्ये, अवघ्या साडेएकोणसत्तर फुटांवर. त्यानंतर जी झुंबड उडाली तिच्यात शास्त्राला फारशी जागा नव्हती. लोक ओढ्याकाठी विहिरी खोदत, कारण पहिल्या विहिरी तिथेच लागल्या होत्या आणि यंत्रं न्यायलाही ते सोपं. नकाशावर ठरावीक दिशेची सरळ रेघ ओढून तिच्यावर विहिरी पाडणारे होते. आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ किंवा हातात कडुनिंबाचं बेचकं घेऊन शेतभर फिरतो, तसे तिकडे तेलासाठी फिरणारेही होते. भूवैज्ञानिकाला विचारायची पद्धतच नव्हती.

१८८३ मध्ये तेलाच्या धंद्यातल्या विल्यम अर्समन नावाच्या अनुभवी गृहस्थांनी व्हाइटना एक गोष्ट सांगितली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या मोठ्या वायूविहिरी भूवैज्ञानिक नकाशावर जिथे अँटिक्लाइनच्या रेषा दाखवल्यात, त्यांच्या आसपासच दिसतात. याच्यात काही तथ्य आहे का? अँटिक्लाइन म्हणजे थरांची कमानीसारखी वर उचललेली घडी, हे तुला माहीतच आहे. व्हाइटनी कल्पना मनात ठेवली आणि प्रत्यक्ष विहिरींवर जाऊन ताडून पाहिली. १८८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. मुद्दा असा की सच्छिद्र वालुकाश्मात वायू, तेल आणि पाणी वजनाप्रमाणे वेगळे होतात. वायू कमानीच्या माथ्याशी, त्याखाली उतारावर तेल, आणि खोलगट भागात पाणी. लेखात ही कल्पना कुणी सुचवली तेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं. एका प्राध्यापकाने धंद्यातल्या माणसाचं निरीक्षण तपासायला घेतलं आणि श्रेय त्याचं त्याला दिलं, ही गोष्ट मला त्या सिद्धांताइतकीच मोठी वाटते.

हा विचार सुचणारे ते पहिले नव्हते. स्टेरी हंट या भूवैज्ञानिकाने १८६१ च्या सुमारासच अशी मांडणी केली होती. पण ती कागदावर राहिली. शिवाय व्हाइटच्या लेखावर टीकाही झाली. पेनसिल्व्हेनिया सर्वेक्षणातले चार्ल्स ॲशबर्नर यांनी आक्षेप घेतला की काही चांगल्या विहिरी अँटिक्लाइनवर नाहीतच. व्हाइट म्हणत होते ते एवढंच की मोठ्या वायूविहिरी अँटिक्लाइनच्या जवळ सापडतात. प्रत्येक अँटिक्लाइनवर वायू मिळेलच, असं त्यांचं म्हणणं नव्हतं, कारण खाली सच्छिद्र खडक हवा, वर झाकण हवं, घडीची उंची पुरेशी हवी. तुझ्या बरोबरीची बरीच मुलं आजही यातला फरक परीक्षेत चुकवतात.

आता मॅनिंग्टन, वेस्ट व्हर्जिनियातलं एक गाव. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा इथे आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

त्या पठारी भागातल्या घड्या इतक्या सौम्य आहेत की डोळ्यांना थर आडवेच दिसतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टसारखे. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहून कुणाला थरांचा कल जाणवतो का? पनवेलच्या बाजूला लाव्ह्याचे थर समुद्राकडे झुकलेले आहेत हे मलाही कुणी मोजून दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं. मग जमिनीखाली शेकडो मीटरवर असलेल्या वालुकाश्माची कमान ओळखायची कशी? भूकंपलहरींनी तेल शोधायचं तंत्र तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

व्हाइटकडे कोळसा होता. आयुष्यभर मोजलेले थर. अमुक कोळशाचा थर एका टेकडीत समुद्रसपाटीपासून इतक्या उंचीवर, पुढच्या टेकडीत तितक्या. म्हणजे मधे थर इतका खाली उतरला. त्याच्याखालचा तेलाचा वालुकाश्म साधारण ठरावीक अंतरावर आहे, म्हणजे तोही तसाच उतरला असणार. पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर माउंट मॉरिस इथे तेल लागलं होतं. तिथे कोळशाचा थर ज्या पातळीला आहे, ती पातळी लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) लावून टेकडीमागून टेकडी नैऋत्येकडे नेत नेत ते तीसेक किलोमीटरवर मॅनिंग्टनला पोहोचले आणि म्हणाले, इथे खोदा. १८८९ मध्ये तिथे तेल लागलं. ज्या वालुकाश्मात लागलं त्याला खोदणारे 'बिग इंजन सँड' म्हणत. तेलाच्या भूविज्ञानाने आधी जागा सांगितली आणि मग विहीर खोदली, असं इतक्या स्पष्टपणे दाखवणारं त्याच्याआधीचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

(योगायोग बघ. त्याच १८८९ मध्ये आसामात दिगबोईची पहिली विहीर खोदायला सुरुवात झाली होती. पुढच्या वर्षी ती ६६२ फुटांवर पूर्ण झाली. तिथेही जमिनीखाली अँटिक्लाइनच आहे.)

म्हणजे तेल सापडलं ते कोळशाच्या ज्ञानाने, आणि ते थर ओळखायला मदत करणाऱ्या गोष्टींत ती पानंही होती. १८८० साली त्या ग्रंथाकडे बघून कुणी म्हणालं असतं का की हा माणूस नऊ वर्षांनी तेलक्षेत्र दाखवणार?

१८९२ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि तेलाच्या धंद्यात उतरले. पैसा मिळाला. या पाच वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. १८९७ मध्ये राज्याचं स्वतंत्र भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झालं तेव्हा ते राज्य भूवैज्ञानिक झाले आणि १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तीस वर्षं, त्याच पदावर राहिले. त्यांचे अहवाल कुणीही उघडून वाचू शकत होता. खाजगीत ठेवून ज्याचे पैसे करता आले असते, ते ज्ञान त्यांनी सार्वजनिक केलं.

यात मधे एक प्रकरण आहे, ते तर थेट तुझ्या टेबलावर येतं. १९०४ ते १९०६ या काळात ब्राझील सरकारने त्यांना कोळशाच्या शोधासाठी आयोगाचं प्रमुखपद दिलं. दक्षिण ब्राझीलमधल्या सांता कातारिनाच्या डोंगरात त्यांनी थरांचा क्रम तळापासून माथ्यापर्यंत मांडला. अहवाल १९०८ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रजीत निघाला. तो क्रम आजही तिकडे 'व्हाइटचा स्तंभ' म्हणून शिकवतात. त्या खडकांत काय होतं? ग्लॉसोप्टेरिस. तीच जिभेच्या आकाराची पानं, जी तू चंद्रपूर-उमरेडकडे दगड फोडून काढतेस. व्हाइटनी लिहिलं की हे थर दक्षिण आफ्रिकेतल्या कारू खडकांशी आणि आपल्या गोंडवनी खडकांशी जुळतात. वेगेनरने खंड सरकतात ही कल्पना मांडली १९१२ मध्ये. व्हाइटना खंड सरकलेत असं म्हणायचं नव्हतं, पण पुढे ज्यांनी ते म्हटलं त्यांच्या हातात जुळणीचे पुरावे होते, त्यातला एक मोठा पुरावा हा. गोंडांच्या प्रदेशावरून नाव पडलेले खडक ब्राझीलमध्ये ओळखणारा हा माणूस अमेरिकेतल्या एका छोट्या डोंगरी गावचा प्राध्यापक होता, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझी जुनी फील्डची वही काढून बसलो होतो.

१९०८ च्याच मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नैसर्गिक संपत्तीच्या जपणुकीसाठी राज्यपालांची परिषद बोलावली. तिथे व्हाइट इंधनाच्या नासाडीवर बोलले. तेल काढायच्या घाईत विहिरीतला वायू हवेत सोडून किंवा जाळून टाकत होते, आणि स्वतःच्याच राज्यातली, स्वतःच्याच व्यवसायातल्या लोकांची ही नासाडी त्यांनी तिथे उघडपणे सांगितली. ज्याने तेल शोधायला शिकवलं त्यानेच वाया घालवू नका म्हणणं सोपं नसतं.

आता माझ्या अनुभवातलं. ईशान्येकडच्या एका विहिरीवर मी तरुणपणी होतो. शेकरवर, म्हणजे विहिरीतून वर येणारा चिखल गाळणाऱ्या चाळणीवर, येणारे कटिंग्ज (खडकाचे तुकडे) मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतो आणि माझी खात्री झाली की ज्या वालुकाश्मासाठी खोदतोय तो आला आणि तो कोरडा आहे. तसा अहवालही लिहिला. परागकण पाहणाऱ्या बाईंना नमुने गेले होते. त्यांचं उत्तर आलं की तुम्ही अजून वरच्याच थरात आहात, हे परागकण त्या वयाचे नाहीत. खोदाई चालू ठेवली, दीडशेएक मीटर खाली खरा थर लागला, आणि त्यात तेल होतं. चूक सर्वस्वी माझी होती. त्या बाईंनी एम.एस्सी.ला काय केलं होतं, तर गोंडवनी खडकांतले बीजाणू. पुढे पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात काम केलं तेव्हा हेच फोरॅमिनिफेरांच्या बाबतीत रोज अनुभवलं. चुनखडकामागून चुनखडक येतो, रंग सारखा, पोत सारखा, वय सांगतात ते हे वाळूच्या कणाएवढे जीव. १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात खोदणाऱ्या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधलं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात. तिथेही खाली उंचवटा आहे, थर त्याच्यावर कमानीसारखे वाकलेत. व्हाइटचा धडा तसाच लागू पडतो, फक्त कोळशाऐवजी भूकंपलहरींचे आलेख आणि सूक्ष्मजीवाश्म.

व्यावहारिक भाग थोडक्यात. गेट परीक्षा दे, सरकारी तेल कंपन्यांनी अनेकदा त्या गुणांवर भरती केली आहे; त्या त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट बघ. सीएसआयआर नेट पृथ्वीविज्ञानातून दे, शिकवण्याची वाट त्यातून मोकळी होते. दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा एकच आहे. तुझ्या प्रबंधात पानांच्या जोडीला बीजाणू-परागकणांचं एक प्रकरण घाल. लखनौची बिरबल साहनी संस्था आणि पुण्याची आघारकर संस्था, दोन्ही ठिकाणी या विषयात काम झालंय, मार्गदर्शकांकरवी पत्र लिही. आधी कंपनीत जायचं की आधी शिकवायचं, याचा आत्ता फार विचार करू नकोस. व्हाइट पंधरा वर्षं वर्गात होते, पाच धंद्यात, तीस सर्वेक्षणात, आणि प्रत्येक टप्प्यावर तीच फील्डची वही पुढे चालू होती.

एकच विनंती आहे. तू पाठवलेल्या फोटोंमध्ये पानं सुंदर आलीत, पण कोळशाच्या थरापासून ती किती वर सापडली हे कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला खाणीवर जाशील तेव्हा टेप घेऊन जा, खालच्या कोळशापासून प्रत्येक ठशापर्यंतचं अंतर मोज आणि शेजारच्या दुसऱ्या खाणीत तेच पुन्हा कर. दोन्ही मोजमापं इथे टाक. दोन्ही खाणींत अंतर सारखं येतंय की नाही, ते आपण मिळून बघू.