रडण्यासाठी बाबांना बोलावू नको

बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, दोनदा वाचला. पिक्चरमध्ये रोल मिळाला याचा आनंद आहेच, पण शेवटी तू जे विचारलं त्याचंच आधी बोलते. शेतकऱ्याच्या पोरीचा रोल, अंगणात बापाचं प्रेत ठेवलेलं असा सीन, अन् वर्कशॉपमध्ये तुला सांगितलं की तुझे वडील खरंच गेले ना, तो दिवस आठव, रडू आपोआप येईल. तू विचारते, मावशी, शूटिंगच्या दिवशी नाही आठवलं तं? अन् आठवलं अन् मग थांबवताच नाही आलं तं?

माझं म्हणणं सरळ आहे. बाबांना त्या कामात आणू नको.

मी पिक्चरमध्ये कामं केली, एक सिरीयलही केली, पण हे शिकली ती झाडीपट्टीत, आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या नाटकांत. आपल्याकडे भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की पार होळीपर्यंत नाटकं चालतात, गडचिरोलीतल्या वडशावरून नाटकाची गाडी निघाली की आज या गावी उद्या त्या गावी, रात्री दहाच्या पुढं पडदा उघडते अन् पहाटे चार-पाचला नाटक संपते, अन् रडण्याचा सीन नेमका शेवटच्या अंकात राहते, तेव्हा थंडीनं दात वाजत असतात, लहान पोरं मंडपात झोपून गेलेली, बाया मात्र सगळ्या जाग्या, तोंडाला पदर लावून बसलेल्या. एक रात्र रडणं कठीण नाही गं. काल केलं तेच आज, उद्या दुसऱ्या तालुक्यात परत तेच, हे कठीण आहे. आमच्यासोबत एक नटी होती, ती रोज स्वतःच्या मेलेल्या आईला आठवून रडायची. डिसेंबरात लोक हुंदके द्यायचे तिच्या सीनला. संक्रांत झाल्यावर तिला आईचा चेहरा आठवेना, मागच्या गावात आपण कशा रडलो तेवढंच आठवे. एकदा गाडीत मला म्हणाली, "माय गेली तेव्हा मी अशीच रडली होती का, नाटकातल्यासारखी, मलेच आता समजत नाही." मला तिचा आवाज अजून आठवते. घरात कितीही तंगी असली तरी बियाण्याचं धान कोणी शिजवून खात नाही, तसं आहे हे.

अन् हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. रशियातले नाटकाचे दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, ज्यांचं नाव तुझ्या वर्कशॉपवाल्यांनी नक्की घेतलं असेल, त्यांनी आधी नटाला स्वतःच्या आठवणीतून भावना काढायला शिकवलं, पण पुढं त्यांचाच भर कृतीवर गेला, म्हणजे पात्राला या घडीला काय पाहिजे अन् ते मिळवायला ते काय करून राहिलं. अमेरिकेची नटी स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला त्यांना भेटली, त्यांच्याजवळ शिकली, अन् घरी जाऊन आपल्या लोकांना सांगितलं की आठवणी उकरण्यापेक्षा नाटकातली परिस्थिती अन् कल्पना यावर काम करा. तिथलेच अभिनय शिकवणारे ली स्ट्रासबर्ग यांना ते पटलं नाही, ते आठवणीच्याच वाटेनं गेले, अन् त्या वाटेनंही मोठे नट झाले हे मी नाकारत नाही. पण त्या शिष्यांसोबत शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं होता, अन् तुला एका दुपारी तुझं सगळ्यात मोठं दुःख उघडायला लावून ते लोक चहा प्यायला गेले. याचा मला राग आहे.

आपल्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, म्हणजे मनातलं अंगावर दिसते ते. स्तंभ म्हणजे थिजणं, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभेद म्हणजे आवाज फाटणं, वेपथू म्हणजे कापणं, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणं, अश्रू अन् प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. आठातला एक अश्रू, पण तुम्ही पोरी त्या एकाच्याच मागं लागता. बाप अंगणात पडलाय हे पाहून पोरगी आधी थिजेल, आवाज फुटणार नाही, हात कापतील. पाणी कदाचित येणारच नाही, त्या दिवशी तरी.

मग करायचं काय? सीन वाच अन् ती पोरगी काय करून राहिली ते शोध. मयताच्या घरी थोरल्या पोरीला रडायला फुरसत कुठं मिळते गं, नागपूरच्या काकाला फोन लावायचा राहते, आल्यागेल्याला पाणी द्यायचं राहते, शेळी ओरडत राहते, आई एका कोपऱ्यात धरून ठेवलेली. दिग्दर्शकाला विचार की मी सीनमध्ये काही काम करू का. समज बापाच्या पायाला धानाच्या बांधीतला चिखल आहे अन् तिला तो धुवायचा आहे, अन् बाया म्हणून राहिल्या की बाजूला हो, पुरुष माणसं आंघोळ घालतील. तिला फक्त पाय धुवायचे आहेत. एवढं खरं कर, पूर्ण जीव लावून कर, श्वास आपसूक वर चढते, गळा आपसूक दाटते. घरी तांब्या घेऊन करून पाहा. अन् त्यावेळी समोर दुसऱ्याच कोणाचा तरी बाप आहे हे मनात पक्कं धर, त्याचं नाव ठेव, तो तंबाखू खायचा का, पोरीवर कधी ओरडला होता का, सगळं बनव. तुझ्या बाबांचं काहीच त्यात घालू नको.

कॅमेऱ्यासमोर तं हे आणखीच लागते. आधी सगळ्या सीनचा मास्टर घेतात, म्हणजे पूर्ण सीन दुरून एकदम, मग लाईट बदलतात, जेवण होते, अन् तुझा क्लोजअप चार तासांनी लागते. तोपर्यंत बापाचं काम करणारा नट निघून गेलेला असू शकते, कोणीतरी असिस्टंट त्याच्या जागी बसवतात नाही तं एक टेप लावून म्हणतात इथं बघ. मास्टरमध्ये सगळं रडून घेतलं तं क्लोजअपला काय देशील? म्हणून आधीच विचार, फ्रेम कुठून कुठपर्यंत आहे. विचारायला लाजू नको, चांगला कॅमेरामन खूश होते. तांब्या कोणत्या हातात होता ते ध्यानात ठेव, नाही तं एडिटिंगमध्ये जुळत नाही. अन् ग्लिसरीन दिलं तं घाल डोळ्यात, त्यात खोटेपणा नाही.

नागपूरचे वीरा साथीदार यांचं 'कोर्ट' मधलं काम पाहा. आयुष्य चळवळीत गेलं त्यांचं, नटाचं शिक्षण नाही, अन् त्या पिक्चरमध्ये ते खटल्यात अडकवलेल्या लोकशाहिराचं काम करतात, कॅमेरा बराच वेळ दूरच उभा राहते. कुठंच ते आपली कीव मागत नाहीत. 2021 मध्ये कोरोनात गेले ते. मी ते काम पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की कॅमेऱ्याला मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची गरज नसते, तो स्वतःच तुझ्यापर्यंत येते.

आता तुझ्या आईचं. हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. हा पिक्चर तुझी आई पाहणार आहे. टॉकीजमध्ये नाही तं मोबाईलवर, शेजारणी जवळ बसून. तुझ्या घरचा तो दिवस तिला पाठ आहे, तू काय ओरडली, कोणाचा हात धरला, बाबांचा दुपट्टा कुठं पडला होता. त्यातलं काहीही पडद्यावर दिसलं तं तिला एका क्षणात ओळखू येईल. तिनं तुला ते विकायला नाही दिलं. शूटिंगच्या आधी तिच्याजवळ बस अन् सीन कसा आहे ते सांग, हो म्हटलं तं पुढं जा.

पिक्चर लागताना ते लोक विचारतील की खऱ्या आयुष्यातही वडील गेले ना, त्यावर एक रील करून टाकू. नाही म्हण. त्याबद्दल बोलणार नाही, एवढंच म्हण, अन् गोड आवाजात म्हण. माझे सासरे भर सीझनमध्ये गेले. त्या रात्री मी नाटक केलं की नाही हे बातमीवाल्यांना नेहमी पाहिजे राहते. मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही सांगत. घरच्यांना माहीत आहे, पुरे आहे.

बाकीचं पटपट सांगते. ऑडिशनला कोणी पैसे मागितले तं तिथून उठ. किती पैसे अन् कधी देणार हे लिहून घे, सिरीयलमध्ये तं तीन महिन्यांनी मिळणं नेहमीचं आहे, म्हणून घरभाड्याचा हिशोब त्या पैशावर मांडू नको. बीए सोडू नको, शेवटचं वर्ष आहे, दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, ग्रॅज्युएशन लागते अन् नाटकांचा अनुभव लागते, दुसरं तं तुझ्याकडे आहेच. अन् मुंबईत कुठं काम केलं विचारलं की झाडीपट्टी म्हणून मोठ्यानं सांग. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

सीनचा कागद आला की फोटो काढून पाठव, अर्धवट नको, पूर्ण. फोन दुपारी तीननंतर कर, सीझन सुरू आहे, सकाळी मी झोपलेली राहते. अन् बापाचं काम कोण करून राहिलं ते विचारून घे, शूटिंगच्या आधी त्याच्यासोबत थोडा वेळ बसता आलं तं बस, त्याच्या गावाचं, पोराबाळांचं विचार.

तुझी,
मावशी