कडी का घातली नाही?

“मॅडम, गणितात पैकीच्या पैकी. आणि कवितेखाली ‘तुला काय वाटतं ते लिही’ म्हटलं की पान कोरं! हिला साहित्याची आवडच नाही का?” वेगवेगळ्या पालकांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय, की वाक्य मीच पुरं करू शकेन.

बहुतेकदा प्रश्न आवडीचा नसतोच. अशीच एक नववीतली मुलगी. गाइडमधली रसग्रहणं तोंडपाठ. पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, कारण मीही तेच विचारत राहिले, “याचा अर्थ काय?” आणि ती उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली.

तिसऱ्या भेटीत पुस्तक मिटलं आणि तीन ओळी मीच लिहून दिल्या:

रात्र झाली.
आईने दार लोटलं, कडी घातली नाही.
दिवा मालवायला हात नेला, मागे घेतला.

“अर्थ नको. काय खटकलं तेवढंच सांग.”

“कडी... विसरली असेल.”

“कशावरून?”

ती गप्प. मीही गप्प. (ही शांतता सोसणं मुलांपेक्षा मोठ्यांनाच जड जातं.) मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “नाही, विसरली नाही. दिवापण ठेवलाय. कोणीतरी यायचंय!” आणि लगेच, “पण कोण ते मुद्दाम सांगितलं नाही ना?”

स्वतःचा अंदाज तिने ओळींच्या आधाराने स्वतःच खोडला होता. गणितात ती रोज हेच करायची. कवितेतही ते चालतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला हे उशिरा सुचलं, पण सुचलं याचं समाधान आहे.

साहित्य कसं वाचलं जातं याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापिका लुईस रोझेनब्लॅट यांनी 1938 मध्येच मांडलं होतं की अर्थ वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीत घडतो. मला ते पटतं. पण म्हणून कुठलाही अर्थ चालतो असं नाही. केंब्रिजमध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं लपवून विद्यार्थ्यांना कविता दिल्या, तेव्हा चांगले वाचणारेही भरकटले. त्यामुळे मुलांच्या चुकलेल्या अंदाजाला घाबरू नका, फक्त ‘कशावरून?’ विचारा. तेही उलटतपासणीच्या सुरात नको. आपल्यालाही उत्तर माहीत नाही, अशा कुतूहलाने.

गाइड फेकायची गरज नाही. आधी स्वतःच्या दोन ओळी, मग गाइड, आणि गाइडलाही तोच प्रश्न. त्या मुलीने पुढच्या भेटीला गाइडच्या एकाच पानावर तीन ठिकाणी पेन्सिलीने ‘कशावरून?’ लिहून आणलं. त्यातल्या एकाचं उत्तर मलाही देता आलं नाही.