गावात कारखाना येतोय, ग्रामपंचायत त्याला घरपट्टी माफ करू शकते का?

सरसकट माफी देता येत नाही, पण एक वाट कायद्यातच आहे आणि गावाने डोळे उघडे ठेवायला हवेत ते तिथेच.

मोठ्या सवलती, म्हणजे वीज शुल्क, मुद्रांक शुल्क, जीएसटीचा परतावा वगैरे, राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मिळतात. ही योजना 1964 पासून चालत आली आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. त्यात सरपंचाच्या हातात काही नसतं.

गावाच्या हातात येतं ते महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 125. त्यानुसार कारखान्याकडून करांच्या बदल्यात ठोक रक्कम घेण्याचा करार करता येतो. कंपनीला हे सोयीचं पडतं, म्हणून प्रस्ताव बहुधा तिकडूनच येतो. रक्कम कमी ठरली की नुकसान मात्र गावाचं. पाणी, रस्ते, दिवाबत्ती याच पैशांतून व्हायची असते!

म्हणून आधी नमुना 8 ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीची, नक्कल मागा. शेड, गोदाम, ऑफिस यांचं क्षेत्रफळ आणि आकारणी त्यात दिसते. कारखाना पूर्ण उभा आणि नोंद फक्त एका शेडची असेल, तर लगेच लेखी हरकत द्या. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. कराराचा मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा, आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं गेलं का ते तिथेच तपासा.