वडिलांचा २०१४चा डेस्कटॉप बदलतोय. दुकानदार जुना बदल्यात मागतोय, देऊन टाकू का?

नवीन घ्या, पण जुना बदल्यात देऊ नका. निदान यंदाचं हिशेबाचं वर्ष संपेपर्यंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की वडील ठाण्याच्या चरईत घरूनच मराठी टायपिंग करतात आणि काही दुकानांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सांभाळतात. मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, विंडोज १०, आणि सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. मी तुर्भ्याला एपीएमसीत गाळ्यांमधले कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर संसार हलवायचं काम सारखं चालूच असतं.

मशीन म्हातारं झालं म्हणूनच हळू चालतं असं नसतं. मसाला मार्केटमधलं कॅबिनेट मी गाळ्यात उघडतच नाही. बाहेर ओट्यावर नेतो आणि नाकाला रुमाल बांधतो. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांत मिरचीची पूड आणि धूळ मिळून लालसर थर बसलेला असतो, ब्लोअर मारला की शेजारचे हमालसुद्धा शिंकायला लागतात. हवाच जात नाही म्हटल्यावर प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. ते साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकली, की तेच मशीन पळायला लागतं.

तुमचंही पळेल. पण विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले. घरगुती वापरासाठी जी वाढीव मुदत आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चौथी पिढी त्यात बसत नाही. वडिलांकडे लोकांची जीएसटीची लॉगिन आहेत, पॅन-आधारच्या प्रती आहेत. असं मशीन अपडेटशिवाय नेटवर ठेवू नये.

काय घ्यायचं, यावर फार डोकं खाजवू नका. टॅली आणि टायपिंगला आताचा आय-थ्री किंवा रायझन-थ्री भरपूर झाला. एसएसडी ५१२ जीबीची घ्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून १६ जीबी जड वाटत असेल तर आठची एकच पट्टी लावा आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे ना ते बघा. कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड डबाही चालेल, मात्र 'विंडोज ११ टाकून देतो' एवढ्यावर भुलू नका. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवरही तपासणीला बगल देऊन ११ टाकतात. प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा आणि बिल सीरियल नंबरसकट जीएसटीचं घ्या.

खरी कटकट पुढे आहे, आणि ती दुकानदार बोलून दाखवत नाही.

वडिलांच्या जुन्या मराठी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आहेत का? २०१४च्या आधीपासून टायपिंग करणाऱ्याकडे श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटमधला माल हमखास असतो. ते फाँट नव्या मशीनवर नसतील, तर करारनामा उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फाँट नसतो. म्हणून जुन्या विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डर आख्खं कॉपी करून ठेवा. लिपीच्या सॉफ्टवेअरला डाँगल (ते चालू करायला लावायची छोटी किल्ली) असेल तर तो कुठल्या पोर्टला लागतो तेही बघा. प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टचा असेल, तर नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट बहुधा नसतोच. आणि बोटांचं काय? वडील टाइपरायटरवर शिकलेले असतील तर त्यांना रेमिंग्टन मांडणीच लागणार. विंडोज ११मध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक मिळतं, रेमिंग्टन वेगळं टाकावं लागतं. पहिल्याच दिवशी ते टाकून द्या, नाहीतर नव्या मशीनला शिव्या बसतील आणि त्या तुम्हाला ऐकाव्या लागतील.

टॅलीचं उलट्या क्रमाने करा. आधी जुन्या मशीनवर, नेट चालू असताना, लायसन्स सरेंडर करायचं आणि मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं. जुना डबा आधीच दुकानात जाऊन बसला की इथे अडतं. डेटा कुठे आहे हे कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतं. आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात, ती सगळी घ्या. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्यावर टाकून एकदा सही उमटवून बघा, विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आउटलुक वापरत असतील तर त्याची पीएसटी फाइल (त्यात मेल साठलेले असतात) आणि ब्राउझरमधले पासवर्डही आठवणीने घ्या.

हे सगळं एका बैठकीत आठवत नाही, म्हणूनच जुना ठेवा म्हणतोय. नेटची वायर काढून तो कोपऱ्यात राहू दे. 'ती अमक्याची २०१७ची फाइल कुठाय' असं वडील विचारतील तेव्हा उपयोगी पडेल. नव्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलंत तर डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा.

नंतर डबा द्यायचा झाला तर डिस्क काढून घेऊन द्या, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. नुसत्या क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, साध्या रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने लोकांचे आधार परत निघतात. काढलेली साडेतीन इंची डिस्क बाहेरून जोडायला केसिंग घेताना १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलं घ्या, नुसत्या यूएसबीवर ती चालत नाही. उरलेला डबा भंगारवाल्याला देण्यापेक्षा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याला द्या.

मॉनिटर चांगला असेल तर तोच ठेवा, फक्त नव्या मशीनला व्हीजीए पोर्ट आहे ना बघा, नसेल तर कन्व्हर्टर लागेल. प्रिंटरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मॉडेल नंबर आणि तो कुठल्या वायरने जोडलाय ते कळवा, मग ११वर त्याचा ड्रायव्हर चालेल का ते सांगतो.