'निर्देशक जीवाश्म' की 'सूचक जीवाश्म'?

साताऱ्याहून विचारणा आली आहे: 'निर्देशक जीवाश्म आणि सूचक जीवाश्म असे दोन्ही शब्द वाचले. एकच का? अजिंक्यताऱ्याच्या दगडात असं काही मिळेल का?'

दोन्ही एकच समजू नयेत, असं माझं मत. निर्देश म्हणजे बोट ठेवून दाखवणं, सूचना म्हणजे सुगावा देणं. खडकात प्रवाळ सापडलं की तिथे उबदार, उथळ समुद्र असावा, एवढा सुगावा लागतो. पण प्रवाळं कोट्यवधी वर्षं आहेतच, त्यामुळे तेवढ्यावरून काळ कळत नाही. ते सूचक. निर्देशक मात्र काळावर बोट ठेवतो: जात थोडाच काळ टिकलेली, पण दूरवर पसरलेली, मुबलक आणि चटकन ओळखू येणारी. ग्रॅप्टोलाइट (आता नामशेष झालेले, वसाहती करून राहणारे छोटे समुद्री जीव) यात बसतात. त्यांतले बरेच समुद्रात तरंगत, म्हणून एकच जात दूरदूरच्या खडकांत मिळते.

काळाची हद्द एखाद्या जीवाश्माच्या पहिल्या आढळावरून ठरवतात, पण त्या पहिलेपणाचा घोळ वेगळाच. कॅम्ब्रियन या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवात (सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी) १९९२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड इथल्या कड्यावर ठरवली. खूण ट्रेप्टिकनस पेडमची, म्हणजे प्राण्याची नव्हे, त्याने गाळात केलेल्या बिळांची. 'माग-जीवाश्म' म्हणावं, जनावराचा माग काढतात तोच माग. पुढे हाच माग त्या रेषेच्याही सुमारे ४ मीटर खाली सापडला! म्हणून नोंद 'पहिला आढळ' अशी करावी, 'पहिला प्राणी' अशी नाही. थरांना काटकोनात टेप धरून प्रत्येक जातीचा सर्वांत खालचा नि वरचा आढळ मीटरमध्ये लिहायचा, आणि दुसऱ्या कड्याशी एकाच जातीवरून नव्हे, अनेक जातींच्या क्रमावरून जुळवायचं. कंगोरे घासलेला जीवाश्म जुन्या थरातून झिजून नव्यात आलेला असू शकतो. त्यावर भिस्त नको.

अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ लाव्हाचा, त्यात असं काही मिळायचं नाही. विहीर खणताना दोन कातळांमध्ये तांबडी माती लागते, पण तशा पट्ट्या अनेक, त्यामुळे तीही एकटी खूण म्हणून पुरत नाही. इथली थरजुळणी (हा शब्द मला 'सहसंबंधा'पेक्षा बरा वाटतो) मुख्यतः कातळातल्या रासायनिक घटकांवरून करतात. त्यातूनच महाबळेश्वर आणि आंबेनळी ही शैलसमूहांची नावं झाली. वय कातळातल्या अरगॉन वायूच्या मोजणीवरून काढतात, ते ६.६ कोटी वर्षांच्या आसपास येतं.