बंदी उठली, पण माल उठेना

सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, 4 मे 2024 रोजी कांद्याची निर्यातबंदी उठल्याची बातमी आली, तरी बाजार समितीत कांदा आणणारे त्यांचे काका 'बंदी आहेच' असे म्हणत राहिले. तर जबर शुल्कालाही बंदी म्हणता येईल का, आणि अशा शुल्कास 'जकात' म्हटलेले चालेल का?

काकांचा वैताग रास्त आहे, शब्द मात्र अचूक नाही. बंदी म्हणजे माल देशाबाहेर नेण्यास सरळ मनाई. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याचे तसेच झाले होते. परकीय व्यापार महासंचालनालयाने तो 'मुक्त' वर्गातून काढून 'प्रतिबंधित' वर्गात टाकला होता. या दोहोंमध्ये 'निर्बंधित' असाही एक वर्ग असतो, त्यातला माल परवाना घेऊन पाठवता येतो. म्हणून 'निर्बंध' आणि 'बंदी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

4 मे रोजी मनाई गेली. उरले ते 40 टक्के निर्यात शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य. शुल्क सरकारच्या तिजोरीत जमा होते, तर किमान मूल्य हा कर नव्हेच. त्याहून कमी भावाने सौदा करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण दोन्ही एकत्र आले की 550 वर 220 चढून टन 770 डॉलरला, म्हणजे किलो सुमारे 64 रुपयांना पडतो. त्या भावाने परदेशी गिऱ्हाईक फिरकले नाही, तर लिलावात गोणीपुढे उभ्या शेतकऱ्याला कागदावर उठलेली बंदी आणि जागचा न उठणारा माल यांत फरक वाटू नये, हे स्वाभाविकच आहे. ('उठणे' या एकाच क्रियापदाने दोन्ही कामे करावीत, ही मराठीची खोडी.) पुढे 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान मूल्य हटून शुल्क 20 टक्क्यांवर आले, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेले.

आता 'जकात'. मूळ अरबी शब्द इस्लाममधील धर्मदायाचा; मराठीत तो मालावरील कर या अर्थाने रुळला. अर्थशास्त्राच्या जुन्या मराठी लेखनात 'आयात जकात', 'संरक्षक जकात' (देशी मालाच्या बचावासाठी परदेशी मालावर बसवलेला कर) हे प्रयोग सर्रास आढळतात, त्यामुळे तो चूक नाही. 1896 मध्ये इंग्रज सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही लादला. सोलापूरची जुनी गिरणी त्या काळी चालू होती. जकात होती, पण ती 'संरक्षक' राहू नये याची तजवीज त्या दुसऱ्या कराने केली होती. तरीही आज मी 'सीमाशुल्क' किंवा 'निर्यात शुल्क' असेच लिहीन, कारण सोलापूरकराच्या कानाला जकात म्हटली की महापालिकेचा नाका आठवतो. ती जकात केव्हाच गेली, पण जुना पुणे नाका आणि विजापूर नाका पत्त्यांत शिल्लक आहेत.

जाता जाता एक दुरुस्ती. प्रश्नात 'कर्नाटकातून आयात झालेला कांदा' असे शब्द आहेत. देशाची सीमा न ओलांडता येथील बाजारात उतरणाऱ्या मालाला 'आवक' म्हणावे. बाजार समितीच्या फलकावरही तोच शब्द असतो.