दाब कोणत्या दोन बिंदूंमधला?

प्रिय बाळ,

विहिरीवर केबलच्या टोकाला मीटर २३० व्होल्ट दाखवतो आणि तरीही दीड अश्वशक्तीची मोटर नुसती घूं घूं करते, मग ओहमचा नियम येथे लागू नाही का, असे तू विचारले आहेस. दाब (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध (तारेचा विजेला होणारा अडथळा), या १८२७ साली मांडलेल्या नियमात काही खोट नाही; तुझे मोजमाप अर्धे आहे. दाब कोणत्या दोन बिंदूंमधला आणि त्या वेळी धारा किती, हे विचारल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नकोस.

तू मोटर सोडवून मोजलेस. मीटरचा स्वतःचा रोध लाखो ओहमांचा असतो, त्यामुळे केबलमधून धारा जवळजवळ वाहिलीच नाही आणि धारा नाही म्हणून केबलच्या रोधावर दाबाची घटही झाली नाही. आता हिशेब कर. घरापासून विहीर ३०० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६०० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे तुझ्या केबलचा साडेचारच्या आसपास. मोटरने १० अँपिअर ओढले, तर ४४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि मोटरला उरतात जेमतेम १८६. सुरू होताना ती याच्या कित्येक पट धारा मागते. तेव्हा काय उरत असेल? हे तू स्वतः करून पाहायला हवे होतेस. गुणाकार तुला येतो.

मी इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही ऐक. वरूडकडच्या एका संत्राबागायतदाराची मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली आणि मी दोन्ही वेळा वाइंडिंग भरून दिले, दोन्ही वेळा पैसे घेतले. काम चोख होते, हे आजही ठामपणे सांगतो. पण घरच्या बोर्डावरचा दाब पाहून मी विहिरीवरचा गृहीत धरला होता. तिसऱ्या वेळी मोटर चालू ठेवून वावरातून केबलवर हात फिरवत गेलो. बांधाजवळ पीळ देऊन टेप गुंडाळलेला एक जोड होता. टेप वितळून चिकट झालेला, आतले तांबे काळे पडलेले. दाब तिथे पडत होता. मोटर म्हणजे साधा रोध नव्हे. दाब पडला तरी तिला तेवढेच पाणी उपसायचे असते, म्हणून ती उलट जास्त धारा ओढते आणि तापते. तोपर्यंत पाण्यावाचून आंबिया बहाराची फळे झाडाखाली पडली होती. त्या काळी माझ्याकडे क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून धारा मोजणारा मीटर, नव्हता, हे खरे आहे. पण साधा मीटर होता आणि तो विहिरीपर्यंत नेता आला असता.

म्हणून पुन्हा सांगतो: कोणते दोन बिंदू, किती धारा? ‘लाइन बरोबर आहे’ हे उत्तर मला चालणार नाही.

रविवारी जाशील तेव्हा पुरवठा बंद करून मीटरच्या क्लिपा मोटरच्या टर्मिनलांना लाव, हात काढ, मग पुरवठा चालू करायला सांग. मोटर फिरली नाही, तर दोन-तीन सेकंदांत बंद कर. घरी बोर्डावर दाब किती, विहिरीवर किती आणि धारा किती, हे तिन्ही आकडे एकाच वेळचे हवेत. त्यासाठी भावाला घरच्या बोर्डापाशी उभा कर. सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर घट १८-१९ व्होल्टवर येईल. पण ती विकत घेण्याआधी मला ते तीन आकडे पाठव.